नेहमी, बहुधा, कधीकधी

सरांना कुणी "जेवलात का?" असं विचारलं की ते लगेच उत्तर देत नसत. चष्मा काढून टेबलावर ठेवत, क्षणभर आठवून बघत आणि म्हणत, "बहुधा."

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ती थट्टा वाटे. मलाही वाटली होती आणि मी हसलेही होते. सर हसले नाहीत. नेहमी, बहुधा, कधीकधी, क्वचित, कधीच नाही, हे पाच शब्द त्यांच्या प्रश्नावलीतले होते. दिवसभर तेच मोजत बसल्यामुळे बाकीची उत्तरं त्यांच्या तोंडून हळूहळू गळून गेली होती. शिपाईमामा चहा घेऊन येत आणि विचारत, "सर, ठेवू का?" सर मान वर न करता म्हणत, "कधीकधी." मामा कप हातात धरून माझ्याकडे बघत. मी मान हलवली की ठेवत.

शिरूरच्या बी.एड. कॉलेजात मी ग्रंथपाल होते आणि सर मानसशास्त्र शिकवत. ग्रंथालयातलं खिडकीजवळचं लांब टेबल त्यांनी आल्या वर्षीच बळकावलं. त्यावर सुतळीनं बांधलेले कागदांचे गठ्ठे, आणि गठ्ठ्यांवर नदीतून आणलेले गोटे. मोजायचे ते मोठ्यानं. "नेहमी, नेहमी, बहुधा, नेहमी." 'शांतता राखा' ही पाटी बरोबर त्यांच्या डोक्यावर होती. एकदा न राहवून मी पाटीकडे बोट दाखवलं. त्यांनी वर बघितलं, पाटी वाचली आणि म्हणाले, "क्वचित." मग पुन्हा मोजायला लागले.

सर गेले त्याला वर्ष होत आलं. स्मरणिकेसाठी दोन पानं द्या, असा निरोप कॉलेजातून अधूनमधून येतो. मला भराभर लिहिता येत नाही. शिवाय त्यांच्या शोकसभेत जे ऐकलं ते अजून डोक्यातून जात नाही. ज्या संस्थेनं त्यांना कधी कायम केलं नाही तिनंच ती सभा ठेवली होती. एकामागून एक माणसं उठत होती. सर नेहमी हसतमुख असत. सर नेहमी दुसऱ्याच्या मनाचा विचार करत. सरांना कधी राग आला नाही. मागच्या रांगेत बसून मी ऐकत होते आणि माझा जीव नुसता चिडचिडत होता. सर हसतमुख नव्हते. दुसऱ्याच्या मनाचा विचार करत म्हणावं, तर तो असा करत की त्या दुसऱ्याला पळून जावंसं वाटे.

प्राचार्यांच्या आई गेल्या तेव्हाची गोष्ट. दहाव्याला आम्ही सगळे घोडनदीवर गेलो होतो. पिंडाला कावळा शिवत नव्हता. ऊन चढत होतं. प्राचार्य हात जोडून उभे होते आणि आईच्या नावानं एकेक गोष्ट कबूल करत होते, धाकट्याला सांभाळीन, बहिणीला अंतर देणार नाही. तेवढ्यात सर त्यांच्याजवळ गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सर, आत्ता नेमकं काय वाटतंय? दुःख, की दमणूक?"

प्राचार्यांचे धाकटे भाऊ पुढं झाले. "ओ मास्तर, तुम्ही जरा तिकडं सावलीला थांबता का?"

सर सावलीला जाऊन थांबले. त्यांना वाटलं, उन्हाची काळजी केली.

पुढे बऱ्याच दिवसांनी प्राचार्य ग्रंथालयात आले, सर नाहीत असं बघून खुर्चीत बसले आणि म्हणाले, "खरं सांगू का मॅडम, मी दमलोच होतो. आईचं सगळं अंथरुणात होतं. त्यानं बरोबर ओळखलं. पण ती काय विचारायची जागा होती?"

तर असे सर. आणि त्यांनी पीएच.डी.ला विषय घेतला होता, प्राथमिक शिक्षकांची भावनिक बुद्धिमत्ता. नव्वदीचं दशक संपत आलं होतं आणि आमच्याकडे हा शब्द तेव्हा नवा होता. बुद्धी मोजतात हे लोकांनी ऐकलं होतं. भावनांचीही बुद्धी असते आणि तीही मोजतात, हे ऐकून स्टाफरूममध्ये सगळे एकमेकांकडे बघायचे. सर समजावून सांगत. स्वतःला काय वाटतंय ते कळणं, ते आवरता येणं, दुसऱ्याला काय वाटतंय ते ओळखणं. हे मोजायचं कसं, तर माणसालाच विचारायचं. 'मी रागावर ताबा ठेवतो', 'दुसऱ्याच्या मनात काय आहे ते मला कळतं', अशी वाक्यं, आणि प्रत्येकापुढे ते पाच शब्द. जो लागू पडेल त्यावर खूण करायची.

"म्हणजे माणूस स्वतःच सांगणार, मी किती शहाणा?" मी विचारलं होतं.

"दुसरं कोण सांगणार?" सर म्हणाले. "आत तोच असतो."

हा प्रबंध नुसता नावापुढे डॉक्टर लावायला नव्हता. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, दौंड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका होत्या, दौंडच्याही पलीकडे. दौंडला खोली घेऊन एकट्या राहत. सर शिरूरला. शनिवारी दुपारी सर न्हावऱ्यावरून एस.टी.नं दौंडला जात आणि सोमवारी पहिल्या गाडीनं परत येत. नवरा कायम नोकरीत असला तर बायकोला त्याच्या तालुक्यात बदली मागता यायची. सर कायम नव्हते. पीएच.डी. झाली की कायम करू, असं संस्थेनं सांगितलेलं. म्हणजे आधी प्रबंध, मग कायम नोकरी, मग मे महिन्यातल्या बदल्या आणि मग एक घर. ही साखळी कॉलेजातल्या शिपाईमामांनाही पाठ होती. दोनच माणसं आणि दोन तालुक्यांत दोन चुली.

सुरुवातीला सरांनी प्रश्नावल्या केंद्रप्रमुखांमार्फत वाटल्या. केंद्रप्रमुख म्हणजे आसपासच्या शाळांवरचा अधिकारी, महिन्यातून एकदा सगळ्या शिक्षकांची बैठक घेणारा. गठ्ठे झटपट भरून परत आले. सर खूश होऊन मोजायला बसले. दुपारपर्यंत त्यांचा आवाज बंद झाला, म्हणून मी मान वर करून बघितलं. एका केंद्रातल्या झाडून सगळ्या शिक्षकांची भावनिक बुद्धिमत्ता सारखी निघाली होती. खुणाही एकाच जांभळ्या शाईच्या.

ते केंद्रप्रमुख एकदा कामासाठी शिरूरला आले, तेव्हा सरांनी त्यांना ग्रंथालयात आणून बसवलं.

"हे सगळे कागद एकानंच भरलेत का?"

"व्हय," केंद्रप्रमुख म्हणाले. "कुठलाबी फॉर्म आला की आमच्याकडं एकच गुरुजी भरत्यात. अक्षर झ्याक हाय त्यांचं."

"पण ह्यात प्रत्येकानं स्वतःबद्दल सांगायचं होतं. दुसऱ्याला राग येतो की नाही, हे ह्या गुरुजींना कसं कळणार?"

"रोज डबा एकत्र खात्यात की, सर. त्यास्नी न्हाई कळायचं तर कुणाला?"

"मग सगळ्यांचं एकसारखं कसं?"

केंद्रप्रमुखांनी चहाचा घोट घेतला. "एकाचं जास्त आन् एकाचं कमी लिवलं आसतं तर पुढच्या बैठकीत भांडणं लागली आसती. तुमच्या त्या बुद्धिमत्तेचाच इचार करून भरलंय त्यांनी."

दुसरा कुणी असता तर हसून तो गठ्ठा बाजूला ठेवून पुढे गेला असता. सरांनी सगळेच गठ्ठे बाद केले. आता प्रत्येक शाळेवर जायचं, प्रत्येक शिक्षकासमोर बसायचं, कागद त्याच्याच हातानं भरून घ्यायचा. एस.टी., वडापच्या जीपगाड्या, कुणाच्या तरी मोटारसायकलीवर मागं बसून. त्यात एक मे महिना आला आणि गेला.

पुन्हा मोजणी सुरू झाली, आणि तिच्यातूनच आप्पा निघाले.

अशा प्रश्नावलीत मधूनच काही वाक्यं पेरलेली असतात. 'मी खरं तेच बोलतो.' 'दिलेला शब्द मी पाळतो.' 'मी कुणाच्या माघारी वाईट बोलत नाही.' त्यांच्यापुढे जो सरसकट 'नेहमी' अशी खूण करतो तो स्वतःला सजवून दाखवतोय असं धरायचं आणि त्याचा कागद काढून टाकायचा. असे सजवणारे पुष्कळ निघाले. सर त्यांचे कागद एका मोठ्या गोट्याखाली ठेवत. त्यांत राहू गावाच्या बाजूच्या एका जुन्या गुरुजींचा कागद होता. पेरलेल्या सगळ्या वाक्यांपुढे 'नेहमी'. पण बाकीचा कागद बघून सर थबकले. 'मी रागावर ताबा ठेवतो', क्वचित. 'दुसऱ्याच्या मनात काय आहे ते मला कळतं', कधीच नाही. 'लोकांना माझा सहवास आवडतो', कधीच नाही.

"मॅडम, स्वतःला सजवणारा माणूस असं लिहील का?" सरांनी विचारलं.

मी तेव्हाच 'लिहील' म्हणाले असते तरी उपयोग नव्हता. सरांनी ते ऐकलंच नसतं. माझं माहेर पारगावचं. राहू तिथून जवळ. पुढच्या रविवारी मी माहेरी निघाले तर सर दौंडला जायचं सोडून माझ्याबरोबर जीपमध्ये चढले.

राहूत चहाच्या हॉटेलात त्यांनी सरळ चौकशीच सुरू केली. ह्या गुरुजींना सगळं गाव आप्पा म्हणत होतं.

"आप्पा खरंच कधी खोटं बोलत नाहीत?"

"न्हाई बोलत," हॉटेलवाला म्हणाला. "लय तरास हाय त्याचा."

बाकावरचे एक पागोटेवाले मामा सरसावून बसले. "माझ्या पुतणीला बघाय पावणं आलं. त्यांनी आप्पाला इचारलं, पोरगी कशी हाय. आप्पा म्हनला, हुशार हाय, पर तापट हाय, तुमच्या आईसंगं पटायचं न्हाई."

"मग?"

"मग काय. पावणं पोहे खाऊन गेलं."

"आन् सायब आलं तवाचं सांगा की," हॉटेलवाला म्हणाला आणि स्वतःच सांगायला लागला. "शाळंवर तपासणीला सायब आलं. हेडमास्तर कुठंयत म्हनले. आप्पा म्हनला, घरी झोपल्यात."

सरांच्या चेहऱ्यावर मी पूर्वी कधी न पाहिलेला आनंद पसरला होता. मला मात्र पुढचं सगळं दिसायला लागलं होतं.

आप्पांची वस्ती गावाबाहेर होती. त्यांचे वडील मेंढरं घेऊन रानोरान हिंडलेले. आता तिथं ऊस होता आणि गोठ्यात म्हशी. आप्पा हौदावर म्हैस धूत होते. उंच, काटक माणूस. आम्ही कोण, कशाला आलो, हे ऐकून घेताना त्यांचा हात थांबला नाही.

"गुरुजी, तुम्ही खोटं का बोलत नाही?" सरांनी विचारलं.

"तसं काय ठरीवलेलं न्हाई," आप्पा म्हणाले. "मला सुचत न्हाई. दुसरं काय सुचायच्या आत खरं निघून जातं."

"त्याचा त्रास नाही होत?"

"मला न्हाई. लोकांस्नी व्हतो." मग म्हशीच्या पाठीवर पाणी मारत म्हणाले, "तुमचा फॉर्म लय लांबडा हाय. आन् तेच तेच फिरवून इचारलंय."

"मुद्दाम विचारलंय. दोन्ही वेळेला उत्तर सारखं येतं का, ते बघायला."

"म्हंजी तुमचा इश्वास न्हाई."

सरांनी विचार केला. "बहुधा," ते म्हणाले.

आप्पांनी पहिल्यांदा मान वळवून सरांकडे नीट बघितलं. त्यानंतर सर वरचेवर राहूला जायला लागले. काय बोलायचे देव जाणे. एक माणूस सगळ्यांना भलत्या वेळी खरं विचारणारा, दुसरा भलत्या वेळी खरं सांगणारा. दोघांचं जमलं ह्यात नवल नाही. त्याची किंमत तिसऱ्याच माणसाला मोजावी लागली.

सरांचे पीएच.डी.चे मार्गदर्शक पुण्याचे. त्यांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, कागद काढा. नियम आहे. सर परत आले आणि टेबलाशी बसून राहिले.

"एकच कागद आहे, सर," मी म्हणाले.

"खऱ्या माणसाला खोटा म्हणून काढायचं?"

"तुम्ही आप्पांना कुठं काढताय? कागद काढताय."

"कागदावर आप्पाच आहेत, मॅडम."

"मग ठेवा, आणि तळाला टीप लिहा."

"तेही विचारलं. ते म्हणाले, एकाला सूट दिली तर बाकीच्यांना का नाही." सरांनी तो मोठा गोटा जवळ ओढला. "आणि ते बरोबरच आहे."

मला वाटलं, चला, सुटलो. बरोबर आहे म्हणजे कागद काढतील. पण सरांनी त्यातून उलटाच अर्थ काढला. आप्पा खरं बोलत असतील तर त्या मोठ्या गोट्याखालचा आणखी कुणीतरी खरं बोलत असेल. मग तेही बघायला नको का? आणि सर निघाले. ज्यांना खोटं ठरवून बाजूला काढलं होतं त्या सगळ्यांच्या गावी जाऊन, हॉटेलात, पारावर, शेजाऱ्यांकडे विचारायला लागले, हे गुरुजी नेहमी खरं बोलतात का? दोन तालुक्यांतल्या शिक्षकांत चर्चा सुरू झाली, की हा माणूस बी.एड. कॉलेजचा की चौकशी खात्याचा. एका गावात त्यांना गोठ्यात बसवून ठेवलं होतं.

"सापडलं का आणखी कुणी?" मी विचारायची.

"क्वचित," सर म्हणायचे.

पीएच.डी.च्या नोंदणीची मुदत एकदा वाढवून मिळाली होती. पुन्हा मिळणार नव्हती. त्या वर्षी एप्रिलात वहिनी शिरूरला आल्या आणि स्टँडवरून थेट ग्रंथालयात आल्या. सर टेबलाशीच होते. वहिनींनी त्यांना काही विचारलं नाही, मला विचारलं.

"मॅडम, ह्यांचं कुठवर आलंय?"

मी जे होतं ते सांगितलं.

"दोन तालुक्यांतल्या मास्तरांच्या मनात काय चाललंय ते ह्यांना कळतं," वहिनी म्हणाल्या. "बदलीचे अर्ज मेमध्ये असतात एवढं कळत नाही."

सरांनी चष्मा काढला. "तुला राग आलाय, की वाईट वाटतंय?"

खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना. तिथं मी सोडून दुसरं कुणी असतं तर त्यांनी सरांना उठवून बाहेर काढलं असतं. वहिनींनी पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला. दौंड तालुक्यातल्या शिक्षिका म्हणून त्यांच्या वाट्यालाही एक प्रश्नावली आली होती. ती कोरीच होती.

"हे तुम्हीच भरा," त्या म्हणाल्या. "तिकडं एक गुरुजी अख्ख्या केंद्राचे भरतात. नवऱ्याला एका बायकोचा भरता येऊ नये?"

कागद टेबलावर ठेवून त्या स्टँडकडे गेल्या.

सर ती सगळी दुपार तो कागद भरत होते. मोठ्यानं मोजणं नाही, काही नाही. मग खुर्ची सरकवून माझ्याकडे आले. त्यांचं बोट एका वाक्यावर होतं. 'मी निराश झाले तरी ते दुसऱ्याला कळू देत नाही.'

"मॅडम, हे मला कसं कळणार?"

"सर, दौंडची गाडी अजून लागली नसेल. जा आणि विचारा त्यांना."

"विचारलं तर तो मी भरला असं होणार नाही."

मी पुस्तकं जागेवर लावली, खिडक्या बंद केल्या आणि त्या दिवशी ग्रंथालय लवकर बंद केलं. सर पायरीवर बसून होते, कागद गुडघ्यावर. त्या वाक्यापुढे त्यांनी खूण केली की नाही, मला माहीत नाही.

मे गेला. मुदत संपली. संस्थेनं पीएच.डी. झालेला दुसरा माणूस घेतला. सरांनी ग्रंथालयाची पुस्तकं परत केली, गोटे तसेच ठेवून गेले. मी बरेच दिवस ते टेबलावरून हलवले नाहीत. त्यांनी जागा अडत होती, तरीही.

पुढे सर शिक्रापूरला शिकवण्या घेत. सणसवाडीच्या एका कंपनीनं त्यांना कामगारांतून सुपरवायझर निवडायला बोलावलं. ह्याच प्रकारची प्रश्नावली, फक्त हिंदीत. बिहारहून आलेल्या एका पोरानं कागद हातात घेऊन विचारलं, "सर, सही जवाब कौन-सा है?"

"जो आपको लगे," सर म्हणाले.

"हमको तो वही लगेगा जो कंपनी को अच्छा लगे."

सरांनी सगळे कागद मोजले, निकाल काढला आणि तळाला लिहून दिलं, की यावरून कुणालाही सुपरवायझर करू नये. ते कामही गेलं. मला हे त्यांनी ज्या समाधानानं सांगितलं ते आठवून आजही संताप येतो. घरी जाऊन वहिनींना काय सांगितलं असेल?

वहिनींची बदली शेवटी त्यांच्या स्वतःच्या सेवाज्येष्ठतेवर झाली, निवृत्ती जवळ आली तेव्हा. शिरूरला दोघांनी एक घर केलं. वर्षभर, किंवा त्याहून थोडंसंच जास्त, एकत्र राहिले. मग एका सकाळी पेपर वाचता वाचता सरांच्या छातीत दुखलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं.

आप्पा शोकसभेला आले होते. म्हातारे झाले होते, पण ताठ. अध्यक्ष प्रत्येकाला दोन शब्द बोलायला उठवत होते. आप्पांना कुणी उठवलं नाही. ज्यांना ते माहीत होते त्यांनी अध्यक्षांच्या कानात आधीच सांगून ठेवलं होतं.

सभा संपल्यावर वहिनी, मी आणि आप्पा असे तिघं घरी आलो. वहिनींनी चहा ठेवला. ओट्याकडे तोंड करूनच त्यांनी विचारलं, "आप्पा, ते इतकी वर्षं तुमच्याकडं येत होते. माझ्याबद्दल कधी बोलले का?"

सभेत एवढी माणसं होती. त्यांतल्या कुणालाही विचारलं असतं तर, वहिनी, नेहमी, असं उत्तर मिळालं असतं. मी आप्पांकडे बघितलं. त्यांना खूण करण्यात काही अर्थ नव्हता.

"जास्ती न्हाई," आप्पा म्हणाले. "आमचं बोलणं म्हंजी माझ्या म्हशी आन् त्यांचं कागद."

वहिनी पातेल्यात पळी फिरवत राहिल्या.

"एकदा बोलले. तुमची बदली व्हायची ऱ्हायली त्या सालची गोष्ट हाय. म्हनले, आप्पा, तुमचा कागद काढला आसता तर ती आता शिरूरला आली आसती. मला इचारलं, माझं चुकलं का?"

"मग?"

"मी म्हनलं, व्हय, चुकलं."

वहिनींचा हात थांबला. "त्यावर काय म्हणाले?"

"म्हनले, हे तिला सांगू नका. मी म्हनलं, मी हून सांगायचा न्हाई, पर तिनं इचारलं तर सांगीन. आज तुम्ही इचारलं."

"रडले का?"

"ते म्या बघितलं न्हाई. हौदावर त्वांड धुवायला गेले. बराच येळ धूत व्हते."

वहिनी तशाच पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मग त्यांनी गॅस बंद केला, चहा गाळला, तीन कप भरले आणि आमच्यासमोर आणून ठेवले. खुर्ची ओढून बसल्या. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. कधीच कळायचं नाही.

आप्पांनी बशीत ओतून एक घोट घेतला.

"कसा झालाय?" वहिनींनी विचारलं.

"साखर लय पडलीया."

"माहीत आहे," वहिनी म्हणाल्या. "माझ्या हातून जास्तच पडते. त्यांना मी रोज विचारायची, गोड झालाय का. म्हणायचे, बहुधा." आणि हे सांगता सांगता त्या हसल्या. हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि तो बराच वेळ काढला नाही.

मी खाली बघत होते. आप्पांनी बशीतला चहा शेवटच्या घोटापर्यंत संपवला, कपातला उरलेला ओतून घेतला, तोही संपवला. मग रिकामा कप वहिनींच्या पुढ्यात सरकवला.

"आजून हाय का?" त्यांनी विचारलं.